रानघोडा माणसाळताना

घोडा शिकवणे आणि घोडा माणसाळवणे ही दोन कामे वरवर पाहणाऱ्यास एकच वाटतात. परंतु ज्याने सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतील घोडेबाजार पाहिला आहे, त्याच्या ध्यानात हा भेद सहज यावा. तेथे विक्रीस आलेले शिंगरू कितीही अवखळ, कितीही तापट असले, तरी जन्मल्या घटकेपासून ते माणसाच्या वासात, आवाजात आणि हाताखाली वाढलेले असते. माणूस म्हणजे दाणावैरण घालणारा, खरारा करणारा, क्वचित चाबूक उगारणारा प्राणी, एवढी ओळख त्याला असतेच, आणि चाबूकस्वाराचे सारे कसब त्या ओळखीच्या पायावर उभे राहते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील उजाड पठारांवर जन्मलेल्या मस्टँग नावाच्या रानघोड्याच्या बाबतीत हा पायाच नसतो. त्याच्या लेखी माणूस हा समोर रोखून पाहणारा, आणि म्हणूनच शिकारी असावा असा, परका जीव. माणसाशी त्याचा पहिला संबंध येतो तो बहुधा आकाशातून घरघरत येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या आणि कळपापासून झालेल्या ताटातुटीच्या रूपाने. अशा जनावराला बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या स्वाधीन करावे आणि त्यांच्याकडून ते माणसाळवून घ्यावे, अशी एक प्रथा त्या देशात रुजली आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

घोड्याची जात मुळात उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाली, तेथून आशिया-युरोपात पसरली, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आपल्या जन्मभूमीतून मात्र नामशेष झाली. पुढे स्पॅनिश लोकांनी तिला समुद्रमार्गाने परत नेले. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यापाशी अवघे सोळा घोडे होते. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश अंमलाविरुद्ध उठाव केला, आणि त्यानंतर स्पॅनिशांच्या पागांतील जनावरे उत्तरेकडील आदिवासी जमातींच्या हाती झपाट्याने गेली. काही सुटली, काही सोडून दिली गेली. त्यांत नंतरच्या काळात गोऱ्या वसाहतवाल्यांचे, गुराख्यांचे आणि घोडदळाचे घोडे मिसळले. आजचा मस्टँग हा असा संमिश्र रक्ताचा, मध्यम चणीचा, कणखर खुरांचा आणि अल्पसंतुष्ट घोडा आहे. उंचीने फारसा नाही, रूपानेही सर्वच काही देखणे नसतात. परंतु खडकाळ जमिनीवर मैलोन्‌मैल चालून पाणी गाठण्याची जी चिवट ताकद त्याच्या अंगी असते, ती त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसते.

विसाव्या शतकात याच घोड्यांचा बेसुमार संहार झाला. विमाने आणि मोटारी त्यांच्या मागे घालून त्यांना दमेपर्यंत पिटाळावयाचे, मालमोटारीत कोंबावयाचे आणि कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी कत्तलखान्यात धाडावयाचे, असा तो व्यापार होता. नेव्हाडा राज्यातील रेनो शहरात व्हेल्मा जॉन्स्टन नावाची एक बाई एका विमा कचेरीत चिटणिसाचे काम करीत असे. बालपणी पोलिओने तिचे शरीर वाकडे केले होते. १९५० साली कामावर जात असता पुढच्या मालमोटारीतून रक्त ठिबकताना तिने पाहिले, ती गाडीच्या मागोमाग गेली, आणि आत दाटीवाटीने भरलेली जखमी जनावरे पाहून तिने जे व्रत घेतले ते मरेपर्यंत सोडले नाही. विरोधकांनी हिणवून तिला ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ म्हटले. तिने ते नाव अभिमानाने मिरविले. १९५९ साली मोटारी आणि विमाने वापरून रानघोडे पकडण्यास बंदी करणारा कायदा झाला. परंतु त्याने काम भागेना, तेव्हा तिने शाळकरी मुलांना साद घातली, आणि देशभरातून मुलांच्या हातच्या पत्रांचा अमेरिकन काँग्रेसवर असा वर्षाव झाला की, १९७१ सालचा रानघोड्यांच्या संरक्षणाचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. मस्टँग आणि तेथील मुले यांचा संबंध हा असा कायद्याच्या उगमापासूनचा आहे. मला त्यात मोठे औचित्य वाटते.

कायद्याने घोडा वाचला, आणि वाचला म्हणूनच नवा पेच उभा राहिला. नैसर्गिक शत्रू थोडे, त्यामुळे चार-पाच वर्षांत कळप दुप्पट होतो. आणि कुरण तर तेवढेच, तेही कोरडे, त्यावर गुराढोरांचा आणि हरणांचाही हक्क. सार्वजनिक जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या सरकारी खात्याच्या अंदाजाने या जमिनी फार तर पंचवीस-सव्वीस हजार घोडे आणि गाढवे पोसू शकतील. २०२४ साली त्यांची संख्या सुमारे ७३,००० भरली. त्यांतील निम्म्याच्या आसपास घोडे एकट्या नेव्हाडात आहेत. म्हणून खाते वेळोवेळी कळप वेढून काही जनावरे काढून घेते, आणि ती सरकारी आवारांत व खासगी कुरणांवर मक्त्याने ठेवते. अशा अटकेतल्या जनावरांची संख्या साठ हजारांच्या वर गेली आहे, आणि खात्याला मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग त्यांच्या वैरणीतच खर्ची पडतो. हेलिकॉप्टरने घोडे पिटाळण्याच्या पद्धतीबद्दल तेथे तीव्र मतभेद आहेत आणि तो वाद लवकर मिटेल असे दिसत नाही. परंतु आवारात उभ्या असलेल्या घोड्याला घर मिळावे, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही.

पकडलेल्या प्रत्येक घोड्याच्या मानेवर, डाव्या बाजूस आयाळीखाली, सरकारी दाग दिला जातो. मोगलाईत फौजेच्या घोड्यांना तापल्या लोखंडाने दाग देऊन त्यांची नोंद दफ्तरात ठेवीत. येथील दाग थंडीचा आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवलेला ठसा भादरलेल्या त्वचेवर काही क्षण दाबतात, तेवढ्याने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस उगवतात. कोन आणि रेघांच्या त्या सांकेतिक लिपीत घोड्याचे जन्मवर्ष आणि नोंदणीक्रमांक असतो. याशिवाय गळ्यात दोरीने एक क्रमांकाचा बिल्ला अडकवलेला असतो; त्या बिल्ल्याची गोष्ट पुढे येईल.

असे घोडे खाते दत्तक देते. दत्तक घेणाऱ्याचे वय किमान अठरा असावे असा नियम आहे, त्यामुळे मुलाच्या वतीने आईबापांनी अर्ज करावयाचा. प्रत्येक घोड्यामागे चारशे चौरस फुटांचे आवार हवे. कुंपण मोठ्या घोड्यासाठी सहा फूट, दीड वर्षाच्या आतील शिंगरासाठी पाच फूट उंच हवे, आणि त्यास काटेरी तार चालत नाही. शिवाय ऊनपावसाला निवारा हवा. मालकी लगेच मिळत नाही. निदान एक वर्षापर्यंत घोडा सरकारचाच राहतो. ‘मस्टँग हेरिटेज फाउंडेशन’ या टेक्सासमधील संस्थेने खात्याच्या साहाय्याने २००७ साली फोर्ट वर्थ येथे एक स्पर्धा सुरू केली, तिच्यात शिक्षकांनी अगदी कोरा रानघोडा घेऊन सुमारे शंभर दिवसांत तो तयार करून दाखवावयाचा असतो. तिचाच एक विभाग आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी निघाला. मोठ्यांना स्वारीच्या वयाचा घोडा मिळे, मुलांना वर्षभराचे शिंगरू. कारण या वयाच्या शिंगराची हाडे कोवळी असतात, त्याच्यावर बसावयाचे नसते, सारे काम जमिनीवर उभे राहून, बागडोर हाती धरून करावयाचे असते. ‘फोर-एच’ या ग्रामीण मुलांच्या मंडळांतूनही ठिकठिकाणी असे उपक्रम चालतात.

आता आपण त्या कुंपणाशी जाऊन उभे राहू. शिंगरू आवाराच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात आहे. ते वर्षाचे असले तरी वजनाने त्याला माणसाळवायला आलेल्या मुलीच्या कितीतरी पट आहे, आणि त्याची लाथ हाड मोडण्यास पुरेशी आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा एक अरुंद पट्टा सोडला, तर जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर त्याला मान न वळवता दिसतो. पळणे हेच ज्याचे शस्त्र, त्याला निसर्गाने दिलेली ही दृष्टी होय. मुलगी दारातून आत आली, एवढ्यानेच त्याचे कान टवकारले, नाकपुड्या फुलल्या, अंग ताठले. येथे बलाची भाषा करणाऱ्याचा पराभव ठरलेला आहे, आणि पहिला धडाही येथेच सुरू होतो. ती सरळ त्याच्याकडे जात नाही. तिरकी चालते, नजर रोखत नाही. एका ठराविक अंतरावर शिंगरू चुळबूळ करू लागते. ते अंतर म्हणजे त्याच्या भयाची हद्द. मुलगी हद्दीच्या काठावर थांबते. शिंगरू पळाले नाही, त्याने तिच्याकडे एक कान वळवला, किंवा नुसता श्वास सोडला, की ती पाठ फिरवून मागे जाते.

या मागे जाण्यातच सारे मर्म आहे. घोड्याला दाबाने काही कळत नाही. दाब संपला त्या क्षणी आपण काय करीत होतो, हे त्याला कळते. तो शांत उभा असताना माणूस दूर झाला, तर शांत उभे राहिल्याने भीती टळते असे तो शिकतो. तो उसळला असताना माणूस घाबरून दूर झाला, तर उसळल्याने माणूस टळतो हे तो तितक्याच तत्परतेने शिकतो. दोन्ही धड्यांत अंतर असते ते एखाद्या सेकंदाचे. म्हणून या विद्येत हात पुढे करण्यापेक्षा हात वेळेवर मागे घेणे अधिक कठीण. धारेला बसलेली जाणती बाई गाय पान्हवेपर्यंत आचळ नुसते कुरवाळीत राहते आणि घाई करीत नाही, तशी ही घाई न करण्याची कला आहे. आणि ती सांगून येत नाही.

पहिला स्पर्श पुष्कळदा हाताचा नसतो. ओरेगनमधील जॉन शार्प नावाच्या जुन्या जाणकाराने लांब बांबूची पद्धत लोकप्रिय केली. बांबूने मुलगी शिंगराच्या आवाक्याबाहेर राहून त्याच्या पाठीला, मानेच्या बुडाला हलकेच खाजवू लागते. ही जागा सहज निवडलेली नाही. कळपातले घोडे एकमेकांसमोर उलट्या तोंडांनी उभे राहून दातांनी परस्परांना खाजवतात ते नेमके खांद्याच्या उंचवट्याजवळ, आणि तेथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. बांबू हळूहळू आखूड धरला जातो, आणि एके क्षणी बांबूच्या जागी बोटे येतात. शिंगराची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. मग वरचा ओठ किंचित लांबतो, मान खाली येते, ते तोंडातल्या तोंडात चघळू लागते. या खुणा वाचता आल्या पाहिजेत, कारण येथवर आल्यावर आणखी थोडे, आणखी थोडे असा मोह होतो, आणि मोहाने मिळवलेले पुष्कळ गमावले जाते.

आणि मग गळ्यातला तो बिल्ला. तो काढावयाचा म्हणजे दोन्ही हात मानेभोवती न्यावयाचे, दोरीची गाठ आयाळीत गुंतलेली असते ती चाचपून सोडवावयाची, आणि तेवढा वेळ जनावराने पायही न हलवता उभे राहावयाचे. रानात मानेला झोंबणारे असते ते प्यूमासारखे हिंस्र श्वापदच. अमेरिकेतल्या मुलांच्या दृष्टीने बिल्ला निघणे हा एक संस्कारच असतो. पुष्कळ जण तो बिल्ला जपून ठेवतात, आणि शिंगराला नाव देण्याचा विधीही काही घरी त्याच दिवशी होतो.

यापुढचे काम म्हणजे म्होरकी घालणे, बागडोर धरून चालायला शिकवणे. दोर ताणला की घोडा उलट ओढतो, हा त्याचा स्वभाव. ताण हलका ठेवावा, त्याने एक पाऊल टाकताच दोर सैल सोडावा. दोर हाताभोवती कधीही गुंडाळावयाचा नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी घोकवला जातो, कारण बिथरलेल्या घोड्याबरोबर फरफटत जाण्याचे अपघात अशानेच घडतात. डाव्या बाजूने जे शिकवले ते उजव्या बाजूने पुन्हा शिकवावे लागते. डाव्या डोळ्याला परिचित झालेली मुलगी उजव्या डोळ्याला जणू अनोळखीच भासते, असा सर्व शिक्षकांचा अनुभव आहे. खाण्याचेही असेच. गाजर किंवा सफरचंद पुढे केले तर रानघोडा ते हुंगून सोडून देतो, कारण हे खाद्य आहे हेच त्याला ठाऊक नसते. लाच देऊन त्याला जिंकता येत नाही, आणि मला तर हे बरेच वाटते.

सर्वांत अवघड धडा खुरांचा. खडकावर दररोज झिजणारे खूर आवाराच्या मऊ मातीत झिजत नाहीत. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ते तासून घ्यावे लागतात, नाहीतर वाढून फाटतात आणि घोडा लंगडतो. परंतु ज्याचा जीव पायांवर अवलंबून, त्याने एक पाय परक्याच्या हाती द्यावा आणि तीन पायांवर उभे राहावे, याचा अर्थ त्याने पळून जाण्याचा हक्क काही क्षणांपुरता सोडून दिला. मुलगी आधी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत हात फिरवते, मग नळीपर्यंत, मग खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत. पाय जरा सैल झाला की लगेच हात काढून घेते. कधी उचललेला पाय क्षणभर धरते आणि त्याने हिसका देण्यापूर्वीच खाली ठेवते. नालबंद येईतो या शिंगराने चारही पाय शांतपणे दिले, तर त्या मुलीने खरोखर मोठे काम केले असे समजावे. प्रदर्शनातील टाळ्या याहून सोप्या कामांना मिळतात. ताडपत्रीवरून चालणे, फडफडणारे प्लॅस्टिक अंगावरून फिरवून घेणे, लाकडी पुलावर पाऊल ठेवणे, गाडीच्या अंधाऱ्या दारातून आत चढणे, या सर्वांत तोच एक नियम निरनिराळ्या वेषांत येतो: घोडा थांबला की भयाची वस्तू थांबते.

हा मार्ग काही आजचा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात शिक्षेपेक्षा सौम्यपणाची आणि योग्य वेळी दिलेल्या मोकळिकीची शिफारस आहे. पण अमेरिकेच्या गुराखी संस्कृतीत दीर्घकाळ उलटे चालले: घोडा बांधावा, खोगीर आवळावे, वर बसावे, आणि तो उड्या मारून थकेपर्यंत उतरू नये. अशाने घोडा वाकत असे, आणि पुष्कळदा मोडत असे. त्याच्या मनात राहिलेली भीती कधीतरी नेमकी अवघड वाटेवर उफाळून येई. ओरेगनच्या टॉम डोरन्सने आणि त्याच्या विचारांचा प्रसार करणाऱ्या रे हंटने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुराख्यांनाच हे पटवून दिले की, घोडा हट्टी नसतो, तो संभ्रमात किंवा भयात असतो, आणि दोष बहुधा विचारणाऱ्याच्या प्रश्नात असतो. मुलांच्या या उपक्रमांमागे याच दोघांची शिकवण आहे.

मुलांनाच हे काम का जमते? मी हे लिहिताना पुनःपुन्हा याच प्रश्नाशी येतो. अनुभव त्यांना नसतो, बळ नसते, आणि वडीलधारे माणूस कुंपणाबाहेर उभे असल्याशिवाय त्यांना आत सोडणे धोक्याचेच. परंतु बळ नाही म्हणूनच बळाचा उपाय त्यांच्या मनात येत नाही. आणि शाळा सुटल्यावरचा तास-दीड तास नुसते बादलीवर बसून, पुस्तक वाचीत, शिंगरू आपण होऊन हुंगायला येईल याची वाट पाहण्याची जी सवड मुलाला असते, ती कामाच्या ओझ्याखालच्या शिक्षकाला नसते. शिवाय घोडा मुलाच्या गुणपत्रिकेकडे पाहत नाही, वयाकडे पाहत नाही. रागावून आलेल्याला तो दूर ठेवतो आणि निवळून आलेल्याला जवळ येऊ देतो. आपला राग आधी कुंपणाबाहेर ठेवावा लागतो हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही, कारण त्याचा परिणाम त्याला डोळ्यांपुढे दिसतो. कोलोरॅडोतील कॅनन सिटीच्या तुरुंगात कैद्यांकडून रानघोडे माणसाळवण्याचे काम १९८६ साली सुरू झाले, तेथेही हेच दिसून आले असे म्हणतात, आणि ते मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

वर्ष पूर्ण झाले की कुटुंबाने मालकीहक्कासाठी अर्ज करावयाचा. घोड्याची नीट निगा राखली असल्याबद्दल पशुवैद्याची किंवा तशाच जाणत्या व्यक्तीची साक्ष त्यास जोडावयाची. दाखला हाती पडला की घोडा सरकारच्या ताब्यातून सुटतो. पण त्याच क्षणी १९७१ च्या कायद्याचे त्याच्यावरील संरक्षणही संपते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. खात्याने २०१९ साली दत्तक घेणाऱ्यांना घोड्यामागे हजार डॉलरपर्यंत रक्कम देण्याची योजना काढली. आवारे रिकामी व्हावीत हा तिचा हेतू. परंतु काहींनी घोडे घेतले, वर्षभर कसेबसे पोसले, रक्कम वसूल होताच ते लिलावात विकले, आणि तेथून काही घोडे खाटकांच्या हाती पडल्याचे उघडकीस आले. अमेरिकेत २००७ नंतर घोड्यांचा एकही कत्तलखाना उरलेला नाही, म्हणून ही जनावरे सरहद्द ओलांडून मेक्सिकोत आणि कॅनडात जातात. ज्या व्यापाराविरुद्ध व्हेल्मा जॉन्स्टनने आयुष्य वेचले तोच या आडवाटेने पुन्हा आत शिरला, याचे दुःख तेथील सुजाण लोकांना आहे, आणि ते असलेच पाहिजे.

अशा लिलावात वजनावर जाते ते प्रामुख्याने हात न लागलेले जनावर. म्होरकी घालून घेणाऱ्या, नालबंदाला पाय देणाऱ्या, गाडीत आपण होऊन चढणाऱ्या घोड्याला घर बदलावे लागले तरी स्वार मिळतो, शेतकरी मिळतो, एखादे दुसरे मूल मिळते. त्या शिंगरावर खोगीर चढेल ते तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. तोवर मुलगीही सोळा-सतरा वर्षांची झालेली असेल, कदाचित शिक्षणासाठी दूर गेलेली असेल, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली तो घोडा आपला उजवा पुढचा पाय उचलून देत असेल.